जुन्या जपानी स्पोर्ट्स कारचे इंजिन कसे ओळखतात?

जुन्या गाडीच्या मागच्या बाजूला एक नाव असते आणि बॉनेट उघडल्यावर इंजिन दुसरेच निघते, असे बऱ्याचदा घडते. पत्रा बदलता येतो, नावाची पट्टी बाजारात मिळते, टॅपेट कव्हर रंगवता येते. गाडीत नेमके कोणते इंजिन आहे, हे शेवटी इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला कोड, गाडीची पाटी आणि इंजिनाची रचना या तिन्हींचा मेळ घालूनच ठरते. तिन्ही गोष्टी एकच उत्तर देत असतील तर ओळख पक्की. एकही गोष्ट वेगळे सांगत असेल तर थांबून चौकशी करावी लागते.

एक सूचना. ब्लॉकवर ही अक्षरे आणि आकडे रोमन लिपीत असतात. या लेखात ते देवनागरीत लिहिले आहेत.

ही ओळख का महत्त्वाची आहे?

पहिले कारण कायद्याचे. भारतात आरसीवर चेसिस नंबरासोबत इंजिन नंबर, इंधन आणि इंजिनाची क्षमता यांचीही नोंद असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ नोंदीशी विसंगत ठरतील असे बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. इंजिन बदलले आणि आरटीओत नोंद केली नाही, तर गाडीचे हस्तांतरण, फेरनोंदणी आणि विम्याचा दावा या तिन्ही ठिकाणी अडचण येते.

दुसरे कारण व्हिंटेज नोंदणीचे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये यासाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणजे गाडी कितीही चकचकीत असली तरी चुकीच्या इंजिनामुळे हा दर्जा हातचा जाऊ शकतो.

तिसरे कारण पैशाचे. दिसायला सारख्याच दोन जपानी गाड्यांच्या किमतीत केवळ इंजिनामुळे काही पटींचा फरक पडतो. फसवणूकही नेमकी तिथेच होते.

महाराष्ट्रात ही इंजिने कुठे भेटतात?

फेअरलेडी झेड किंवा स्कायलाइन जीटी-आर आपल्याकडे रस्त्यावर सहसा दिसत नाहीत. पण त्याच कंपन्यांची, त्याच काळातली इंजिने अगदी साध्या भारतीय गाड्यांमध्ये बसवलेली होती. ओळखण्याची पद्धत शिकायला त्या गाड्या उत्तम आहेत.

सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईतले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यात होता. पद्मिनी बनवणाऱ्या याच कंपनीने १९८५ मध्ये '११८ एनई' आणली. बॉडी होती जुन्या फियाट १२४ ची, इंजिन मात्र निस्सानचे ए१२. 'एनई' म्हणजे निस्सान इंजिन, आणि ११८ हा आकडा १,१७१ सीसीच्या जवळ जाणारा. हेच ए१२ इंजिन जपानमध्ये डॅटसन सनी १२०० या छोट्या गाडीत होते आणि तिथल्या टूरिंग कार शर्यतींत त्याने मोठे नाव कमावले. म्हणजे मुंबईतल्या ज्या गाडीकडे लोक घरगुती सेदान म्हणून पाहत होते, तिचे इंजिन शर्यतीच्या घराण्यातले होते.

दुसरे उदाहरण हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाचे. १९८४ मध्ये ही गाडी अॅम्बॅसेडरच्याच १,४८९ सीसी इंजिनासह आली. पुढे तिला इसुझूचे १,८१७ सीसी पेट्रोल इंजिन मिळाले आणि नंतर इसुझूचे डिझेलही. बॉडी तीच, इंजिने तीन. इसुझूच्या ११७ कूपे या देखण्या गाडीत १,८१७ सीसीचे जी१८० इंजिन होते. कॉन्टेसाचे पेट्रोल इंजिन त्याच कुळातले.

तिसरे उदाहरण मारुती जिप्सीचे. १९८५ मध्ये ती ९७० सीसीच्या एफ१०ए इंजिनासह आली. नव्वदच्या दशकात तिच्यात १,२९८ सीसीचे जी१३ कुळातले इंजिन आले. घाटरस्त्यांवर आणि रॅलींमध्ये गाजलेली ही गाडी बाहेरून जवळपास तशीच राहिली. म्हणून जुन्या जिप्सीचे इंजिन कोणते, हे नुसते बाहेरून सांगता येत नाही.

पायरी १ : कागद आणि पाटी

सुरुवात आरसीपासून करावी. आरसीवरची क्षमता सीसीमध्ये लिहिलेली असते. कॉन्टेसाच्या आरसीवर १,४८९ असेल आणि बॉनेटखाली इसुझूचे इंजिन असेल, तर इंजिन नंतर बदललेले आहे हे लगेच कळते.

नंबर प्लेटवरून इंजिनाबद्दल काहीच कळत नाही. तिच्यावरून फक्त नोंदणी कुठे झाली याचा अंदाज येतो. जव्हार आणि मोखाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. त्यामुळे साखरशेतसारख्या गावातल्या जुन्या गाडीवर ठाण्याची 'एमएच ०४' आणि अलीकडच्या गाडीवर वसई कार्यालयाची 'एमएच ४८' मालिका दिसू शकते. जुनी फाइल कोणत्या कार्यालयात शोधायची, एवढ्यापुरता या माहितीचा उपयोग.

त्यानंतर गाडीची पाटी पाहावी. जुन्या जपानी गाड्यांत बॉनेटखाली, बहुधा इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर किंवा बाजूच्या पत्र्यावर, धातूची छोटी पाटी असते. तिच्यावर मॉडेलचा कोड असतो. डॅटसनच्या अनेक गाड्यांच्या पाटीवर इंजिनाची क्षमता आणि इंजिन नंबरही असे. कारखान्यातून बाहेर पडताना गाडीत कोणते इंजिन होते, ते ही पाटी सांगते. आज कोणते आहे, ते ती सांगत नाही. शिवाय पाटी रिव्हेटने बसवलेली असते, म्हणजे ती काढता येते. रिव्हेट नवे कोरे आणि पाटी जुनी असेल तर शंका घ्यावी.

पायरी २ : ब्लॉकवरचा कोड

इंजिन नंबर टॅपेट कव्हरवर किंवा हेडवर शोधू नये. तो ब्लॉकवर असतो, म्हणजे पिस्टन ज्या मुख्य ओतीव भागात फिरतात त्यावर. त्यासाठी ब्लॉकवर एक सपाट, गुळगुळीत केलेली जागा असते. ही जागा बहुधा हेडच्या सांध्याखाली किंवा गिअरबॉक्स जिथे जोडला जातो त्या कडेजवळ सापडते. निस्सानच्या एल मालिकेत ती ब्लॉकच्या उजव्या बाजूला, मागच्या टोकाकडे असते.

तेल आणि धूळ यांचा थर साचल्यामुळे नंबर दिसत नाही, तेव्हा कापड, रॉकेल आणि मऊ ब्रश वापरावा. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर चालवू नये. नंबर पुसट झाला तर तो मुद्दाम घासला असे कोणालाही वाटू शकते. नंबर दिसू लागला की त्यावर कागद धरून शिसपेन्सिल घासावी. आरटीओच्या कामात चेसिस नंबराचा जसा पेन्सिल प्रिंट घेतात, तशीच ही पद्धत.

ब्लॉकवर दोन प्रकारची अक्षरे असतात. ठोकलेली अक्षरे आत गेलेली असतात. इंजिनाचा कोड आणि क्रमांक अशाच अक्षरांत असतो. ओतीव अक्षरे वर उठलेली असतात आणि ती साच्याची असतात. एकच साचा अनेक इंजिनांना वापरलेला असू शकतो, म्हणून ओतीव आकड्यावरून कुळ कळते, नेमके इंजिन कळेलच असे नाही.

पायरी ३ : कोड वाचणे

प्रत्येक जपानी कंपनीची नाव देण्याची पद्धत वेगळी आहे. पद्धत समजली की कोड पाठ करावे लागत नाहीत.

निस्सान : आधी कुळाचे अक्षर, मग क्षमता. ए१२ म्हणजे ए कुळातले १.२ लिटर. एल२४ म्हणजे एल कुळातले २.४ लिटर, हे डॅटसन २४० झेडचे इंजिन. पुढच्या काळात शेवटी जास्तीची अक्षरे आली. आरबी२६डीईटीटी मध्ये आरबी हे कुळ, २६ म्हणजे २.६ लिटर, डी म्हणजे दोन कॅमशाफ्ट, ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंधन पुरवठा आणि टीटी म्हणजे दोन टर्बो. १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरचे हे इंजिन.

टोयोटा : आधी आकडा, मग कुळ. हा आकडा क्षमता सांगत नाही, त्या कुळातला क्रम सांगतो. ४ए-जीई म्हणजे ए कुळातले चौथे इंजिन. जी म्हणजे जोरकस कामगिरीसाठी बनवलेले दोन कॅमशाफ्टचे हेड, ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंधन पुरवठा. क्षमता १,५८७ सीसी. '४ए' पाहून ४ लिटर समजणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक.

मित्सुबिशी : पहिला आकडा सिलिंडरचा. त्यानंतर जी असेल तर पेट्रोल, डी असेल तर डिझेल. ४जी६३ म्हणजे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. इथे ६३ हा कुळाचा आणि प्रकाराचा आकडा आहे. क्षमता १,९९७ सीसी आहे, ती कोडवरून कळत नाही.

सुझुकी : कुळ, क्षमता आणि शेवटी प्रकार. एफ८बी म्हणजे ०.८ लिटर, पहिल्या मारुती ८०० चे ७९६ सीसी इंजिन. एफ१०ए म्हणजे १ लिटरच्या आसपास. जी१३बी म्हणजे १.३ लिटर.

माझदा : रोटरी इंजिनांना १०ए, १२ए, १३बी अशी नावे. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टमध्ये १०ए होते, १९७८ च्या आरएक्स-७ मध्ये १२ए. १२ए ची क्षमता १,१४६ सीसी, १३बी ची १,३०८ सीसी.

पायरी ४ : डोळ्यांनी पडताळणी

कोड वाचून झाला की इंजिनाची रचना त्याच्याशी जुळते का, ते पाहावे. त्यासाठी काही उघडावे लागत नाही.

स्पार्क प्लग मोजावेत. बहुतेक साध्या इंजिनांत जेवढे प्लग तेवढे सिलिंडर. प्लग आणि डेल्को दोन्ही नसतील तर इंजिन डिझेल असण्याची शक्यता मोठी. कॉन्टेसामध्ये पेट्रोल आणि डिझेल यांतला फरक असाच पटकन कळतो.

हेडचे वरचे कव्हर पाहावे. एकच अरुंद कव्हर असेल तर कॅमशाफ्ट एक आहे, किंवा तो खाली ब्लॉकमध्ये असून पुश रॉडने झडपा उघडतो. ए१२ हे पुश रॉडचे इंजिन. कॉन्टेसाचे जुने १,४८९ सीसी इंजिनही तसेच, तर इसुझूच्या १,८१७ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असतो. शेजारी-शेजारी दोन लांबट उंचवटे आणि मधल्या खाचेत प्लग अशी रचना असेल तर कॅमशाफ्ट दोन. ४ए-जीई असेच दिसते.

कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा पाइप कोणत्या बाजूला आहेत ते पाहावे. निस्सानच्या एल मालिकेत दोन्ही एकाच बाजूला असतात, कार्बोरेटर वर आणि पाइप खाली. प्लग समोरच्या बाजूला. ए१२ मध्येही आत जाणारा आणि बाहेर पडणारा मार्ग एकाच बाजूला आहे.

रोटरी इंजिन ओळखणे सर्वांत सोपे. त्यात पिस्टन आणि झडपा नसतात, म्हणून टॅपेट कव्हरही नसते. इंजिन बुटके असते आणि प्लग बाजूला जोडीजोडीने बसवलेले असतात. दोन रोटरना चार प्लग.

पायरी ५ : मोजमाप

नंबर पुसलेला असेल किंवा त्यावर विश्वास नसेल, तर इंजिन खोलल्यावर मोजून खात्री करता येते. दोन मापे लागतात. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा खालून वरपर्यंतचा प्रवास. सूत्र असे : बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक गुणिले सिलिंडरची संख्या. मापे सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर सीसीमध्ये येते.

ए१२ चा बोअर ७.३ सेंमी, स्ट्रोक ७ सेंमी, सिलिंडर चार. उत्तर येते सुमारे १,१७१ सीसी. आता ए१० हे धाकटे भावंड घेऊ. त्याचाही बोअर ७.३ सेंमी आहे, पण स्ट्रोक ५.९ सेंमी, म्हणून क्षमता ९८८ सीसी. याचा अर्थ नुसता बोअर मोजून 'हे ए१२ आहे' असे म्हणता येत नाही. एल२४ आणि एल२६ यांचेही तसेच आहे. दोघांचा बोअर ८.३ सेंमी, स्ट्रोक मात्र ७.३७ आणि ७.९ सेंमी.

जुन्या इंजिनाचा बोअर दुरुस्तीत थोडा वाढवलेला असतो आणि त्यात ओव्हरसाइज पिस्टन टाकलेले असतात. त्यामुळे मोजलेली क्षमता मूळ आकड्यापेक्षा थोडी जास्त येऊ शकते. स्ट्रोक असा वाढत नाही. म्हणून ओळख पटवताना स्ट्रोक अधिक भरवशाचा.

सर्वाधिक फसवणाऱ्या जोड्या

८६ आणि ८५ : 'इनिशियल डी' या १९९५ मध्ये सुरू झालेल्या जपानी चित्रकथेने टोयोटाची एई८६ जगभर पोहोचवली. १९८३ मध्ये आलेल्या या गाडीत ४ए-जीई इंजिन होते. तिचीच जुळी बहीण एई८५, तिच्यात ३ए हे एका कॅमशाफ्टचे १.५ लिटरचे साधे इंजिन. बाहेरून दोघी जवळपास सारख्या. चित्रकथेतले एक पात्रही ८६ समजून ८५ घेऊन बसते. ८५ मध्ये ४ए-जीई बसवून ती ८६ म्हणून विकली गेली, तर इंजिन खरे असूनही गाडी ८६ ठरत नाही. पाटीवरचा मॉडेल कोड पाहिला की खुलासा होतो.

४ए-जीई चेही प्रकार आहेत. सुरुवातीच्या ब्लॉकवर मागच्या बाजूला तीन उभ्या फासळ्या असतात, नंतरच्या मजबूत ब्लॉकवर सात. १९९१ मध्ये २० झडपांचे हेड आले, त्याचे कव्हर चंदेरी, तर १९९५ च्या प्रकाराचे काळे. पण कव्हरचा रंग हा पुरावा नव्हे. रंगाचा एक डबा पुरतो.

जीटी-आर आणि साधी स्कायलाइन : १९६९ च्या पहिल्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये एस२० हे सहा सिलिंडर, दोन कॅमशाफ्ट आणि २४ झडपांचे १,९८९ सीसी इंजिन होते. त्याचे मूळ प्रिन्स या कंपनीच्या शर्यतीच्या इंजिनात आहे. प्रिन्स १९६६ मध्ये निस्सानमध्ये विलीन झाली. साध्या स्कायलाइनमध्ये एल२० होते. जीटी-आरचा कोड पीजीसी१० आणि साध्या गाडीचा जीसी१०. सगळा फरक त्या 'पी' अक्षरात आहे. फेअरलेडी झेडमध्येही तेच : एस२० असलेल्या झेड४३२ चा कोड पीएस३०, एल२४ असलेल्या गाडीचा एचएस३०. ४३२ हा आकडा म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ४ झडपा, ३ कार्बोरेटर, २ कॅमशाफ्ट. बॉनेट उघडून तीन कार्बोरेटर आणि दोन कॅमशाफ्ट दिसले नाहीत, तर ती ४३२ नाही.

२४० झेड आणि २.८ लिटर : एल२४ काढून एल२८ बसवणे हा जगभर चालणारा बदल आहे. दोन्ही इंजिने बाहेरून इतकी सारखी की ब्लॉकवरचा कोड वाचल्याशिवाय फरक कळत नाही. हेडवर प्लगच्या बाजूला ई३१, ई८८, एन४२ असे ओतीव कोड असतात. ई३१ सुरुवातीच्या २४० झेडचे. पण हेडही बदलता येते, म्हणून हा कोड फक्त दुजोरा देतो, निकाल नाही.

नंबरात छेडछाड झाली आहे का?

खालीलपैकी काही दिसले तर व्यवहार थांबवावा.

- नंबराभोवतीच ताजा रंग, बाकी ब्लॉक जुनाट.
- सपाट जागेवर ग्राइंडरचे आडवे-उभे ओरखडे.
- आकडे एका ओळीत नसणे, किंवा त्यांची खोली आणि आकार वेगवेगळा असणे.
- नंबराच्या जागी वेल्डिंगचा थर किंवा चिकटवलेली पट्टी.
- कोडचा भाग जुना, पण क्रमांकाचे आकडे कोरे दिसणे.

मूळ नंबर नसलेला कोरा ब्लॉक नेहमीच चोरीचा असतो असे नाही. काही कंपन्या सुटा भाग म्हणून ब्लॉक विकत, तो क्रमांकाशिवाय येई. पण तेव्हा खरेदीचे बिल आणि आरटीओतली नोंद दाखवता आली पाहिजे.

बदललेले इंजिन म्हणजे फसवणूक का?

तसे नाही. सुटे भाग मिळेनासे झाले की गाडी चालू ठेवण्यासाठी लोक दुसरे इंजिन बसवतात. जपानमधल्या वापरलेल्या गाड्यांची इंजिने आयात होऊन मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या भागांच्या बाजारात विकली गेली आहेत. गॅरेजच्या भाषेत हा 'हाफ कट'चा माल, म्हणजे अर्धी कापून आणलेली गाडी. अशा इंजिनावरचा नंबर जपानमधल्या गाडीचा असतो, इथल्या कोणत्याही आरसीशी तो जुळत नाही. इंजिन उत्तम असेल, गाडी सुसाट पळेल, तरी परवानगी आणि नोंद नसेल तर कागदावर ती अडचणीचीच गाडी.

फरक सांगण्या-लपवण्यात आहे. 'इंजिन बदलले आहे, हे बिल, ही नोंद' असे सांगणारा विक्रेता प्रामाणिक. 'ओरिजिनल आहे' म्हणून ब्लॉक पाहू न देणारा विक्रेता टाळावा.

खरेदीपूर्वी काय करावे?

१. आरसीवरचा इंजिन नंबर आणि सीसी लिहून घ्यावे. एम-परिवहन अॅपवरच्या नोंदीशी ताडून पाहावे.
२. दिवसाउजेडी, थंड इंजिनावर ब्लॉकचा नंबर शोधून पेन्सिल प्रिंट घ्यावा आणि फोटो काढावा.
३. पाटीवरचा मॉडेल कोड आणि चेसिसवरचा नंबर एकमेकांशी जुळतात का ते पाहावे.
४. प्लग, कॅमशाफ्ट, कार्बोरेटर यांची रचना कोडशी जुळते का ते पाहावे.
५. इंजिनाचे काम झाले असेल तर बिले मागावीत. बोअर किती वाढवला ते त्यात कळते.
६. बदल असेल तर नोंद झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

समाजमाध्यमांवर फोटो टाकून 'हे कोणते इंजिन?' असे विचारायचे असेल, तर तीन फोटो पुरतात : ब्लॉकवरचा कोड, पाटी आणि दोन्ही बाजूंनी दिसणारे पूर्ण इंजिन. कोडनंतरचे क्रमांकाचे आकडे मात्र झाकावेत. पूर्ण इंजिन नंबर उघड केला तर तो दुसऱ्या ब्लॉकवर ठोकला जाऊ शकतो.

१९८५ मध्ये पहिल्यांदा नोंदलेली ११८ एनई २०३५ मध्ये ५० वर्षांची होईल. तेव्हा तिला व्हिंटेज म्हणून नोंदवायचे असेल, तर तिच्यात ए१२ असायला हवे. दुरुस्तीला महाग पडते म्हणून असे मूळ इंजिन आज भंगारात दिले, तर ते परत मिळवणे फार कठीण. जुनी गाडी जपणाऱ्याने म्हणून बदललेले मूळ इंजिनही नंबरासकट जपून ठेवावे.